सिंहस्थात आमच्या गल्लीचं काय?

महोदय,

पंचवटीत रामकुंडाच्या अलीकडे आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे, वडिलांनी थाटलेलं. सिंहस्थ कुंभमेळ्याचा विषय निघाला की ओळखीचे म्हणतात, 'तुमची काय, चांदीच!' २०१५ ची ती चांदी अजून माळ्यावर पडून आहे: गोदाजल भरून न्यायचे प्लास्टिकचे कॅन, तीन गोण्या.

त्या वर्षी २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानासाठी उसनवारी करून माल भरला होता. पर्वणीच्या दिवशी गल्लीच्या दोन्ही तोंडांना अडथळे. बाहेरगावचे भाविक मैलोन् मैल चालून दमले, कित्येक त्या धास्तीने आलेच नाहीत. भर दुपारी मी दुकानात पेपर वाचत बसलो होतो! पुढच्या पर्वणीला अडथळे कमी झाले, गर्दीही लोटली. पण परतीची वाट दुसरीकडून काढलेली. आमच्या गल्लीत कुणी वळलंच नाही.

बंदोबस्त नको, असं म्हणणारा मी नाही. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. शटर अर्ध्यावर ओढून, आत घेतलेल्यांना आम्ही पाणी पाजत होतो. आमच्या आईने त्यानंतर पर्वणीला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाणं सोडलं ते कायमचं.

बंदोबस्तापायी असं गिऱ्हाईक तुटणं आपल्याकडेच होतं, असा माझा समज होता. मुलगी लंडनला स्ट्रॅटफर्डमध्ये राहते. तिच्या ऑफिसातले जुने लोक सांगतात, २०१२ च्या ऑलिम्पिकआधी 'शहराच्या मध्यभागी येणं टाळा' असं इतकं बजावलं गेलं की ऐन खेळांत तिथले टॅक्सीवाले, दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. ती फिरायला जाते त्या ऑलिम्पिक पार्कच्या जागेत पूर्वी लोकांचे भाजीचे वाफे होते, शंभरेक वर्षांचे. तेही उठवले. (साधुग्रामासाठी आपल्या तपोवनातली झाडं तोडण्यावरून काय वाद झाला, ते वाचकांना सांगायला नको.)

आता २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान (पूर्वीचं शाही स्नान) आहे. घाटांचे, रस्त्यांचे आराखडे पेपरात येतात. पण कोणती गल्ली किती वाजता बंद, मालाचा टेम्पो कधी सोडणार, रहिवाशांचे पास कुठे मिळणार, हे गेल्या वेळी आम्हाला आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून कळलं. या वेळी त्याचा नकाशा निदान सहा महिने आधी चौकाचौकात लावा. आणि लावण्यापूर्वी एकदा गल्लीतल्या लोकांना बोलावून विचारा.

कॅनचा व्यापारी आत्तापासूनच 'किती गोण्या पाठवू?' म्हणून फोन करतोय. त्याला म्हटलं, आधी नकाशा येऊ दे.

- एक पूजासाहित्य विक्रेता, पंचवटी, नाशिक