तलंगांना पायपट्टीवर उभे राहायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील आपली नोकरी संपून बराच काळ लोटला असला, तरी आमच्या वाडीत कोंबडी जरा मलूल दिसली की पहिला फोन आपल्यालाच जातो. त्यामुळे हे आभार खरे तर फार आधीच मानायला हवे होते. ते चारचौघांत मानण्याचे कारण एवढेच की, आपोआप उघडणारा फीडर विकत आणून त्यापुढे हात टेकलेले कोंबडीपालक आता गावोगाव भेटतात आणि आपण दाखवलेली रीत त्यांच्याही उपयोगी पडेल.

कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या भांड्यातील खाद्याचे काय होते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. मका ओलसर झाला की बुरशी धरतो, त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष कोंबडीचे यकृत खराब करते, आणि सांडलेल्या दाण्यामागे उंदीर-घुशी येतात त्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती बरोबर घेऊनच. म्हणून पायपट्टीचा फीडर घेतला. कोंबडी पट्टीवर उभी राहिली की तिच्या भाराने झाकण उघडते आणि ती उतरली की मिटते, इतकी साधी त्याची रचना आहे. पण आमच्या देशी तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, पायाखालची हलणारी जमीन आणि डोक्याशी होणारा पत्र्याचा खणखणाट या दोन्ही गोष्टी मुळीच मानवेनात. पट्टीवर पाय पडताच त्या फडफडत मागे जात आणि नंतर त्या कोपऱ्याकडे फिरकतही नसत. विक्रेत्याने दिलेला सल्ला एका वाक्याचा होता: उपाशी ठेवा, आपोआप शिकतील.

आपण मात्र आल्याबरोबर कोंबड्यांकडे न पाहता फीडरकडे पाहिलेत. सर्वांत हलकी तलंग पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लावलीत, मग तेवढ्याच वजनाची वाळूची पुरचुंडी पट्टीवर ठेवलीत, आणि झाकण जागचे हललेसुद्धा नाही. भुकेने व्याकूळ होऊन ती बिचारी दिवसभर पट्टीवर उभी राहिली असती, तरी तिला दाणा मिळाला नसता. झाकणाचे वजन तोलणारा मागचा लोखंडी तुकडा सरकवून आपण पट्टी हलकी केलीत आणि झाकणाच्या कडेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवलीत, तेव्हा निम्मे काम झाले होते, असे आता वाटते.

उरलेले निम्मे काम सावकाशीचे होते. आधी झाकण पूर्ण उघडे ठेवून बोल्टने पक्के करायचे, म्हणजे पट्टी हलणारच नाही आणि त्या बिनधास्त तिच्यावर उभ्या राहून खातील. मग बोल्ट थोडा सैल करून पट्टीला बोटभर हालचाल द्यायची, तिची सवय झाली की आणखी थोडी, आणि एखादी जरी बुजली तरी एक पायरी मागे यायचे. या काळात दुसऱ्या कोणत्याही भांड्यात खाद्य ठेवायचे नाही, स्वयंपाकघरातला उरलेला भातही टाकायचा नाही. शेवटची अट पाळणे घरातल्या ज्येष्ठांना फार जड गेले, हेही नमूद करतो.

सर्वांत मोलाची सूचना चिऱ्यांची होती. एक तलंग पट्टीवर उभी राहिली की बाकीच्या दोन्ही बाजूंनी माना घालून फुकटचे खात होत्या, आणि असे खाणारीला पट्टीवर चढण्याची गरज कधी पडतच नाही. शिवाय पट्टीवरची एकदम उतरली तर झाकण बाजूच्यांच्या मानेवर येते आणि तो धसका मनात घर करतो. आपण फीडरच्या दोन्ही अंगांना चिरे रचून समोरून एकच वाट ठेवलीत. त्याच दिवशी सगळ्यांवर दादागिरी करणाऱ्या तुरेवाल्या तलंगीला पट्टीवर दाणे टाकून आपण पुढे केलेत आणि इतरांना नुसते पाहू दिलेत. ब्रिस्टल विद्यापीठातील ख्रिस्तीन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात केलेले प्रयोग नंतर माझ्या वाचनात आले. कोंबड्या दुसरीचे पाहून शिकतात, आणि कळपात वरचढ असलेल्या कोंबडीचे पाहून अधिक चांगल्या शिकतात, असे त्यांना आढळले होते. आपण ते न वाचताच तुरेवालीला निवडले होते.

रात्रीची तपासणी मी आजही सोडलेली नाही. कोंबड्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपायची. पिशवी भरलेली लागली तर ती कोंबडी खाऊन आली, रिकामी लागली तर सकाळी तिला वेगळे काढून हाताने खाऊ घालायचे आणि पुन्हा बोल्ट घट्ट केलेल्या पट्टीवर उभे करायचे. या एका सवयीमुळे लाजाळू तलंगांपैकी एकही उपाशी राहून खंगली नाही. उपाशी ठेवण्याच्या सल्ल्यात नेमक्या याच तलंगा बळी पडल्या असत्या.

फीडरमध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य इतक्यात भरू नका, हेही आपण बजावले होते. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असते आणि अंडी सुरू होण्यापूर्वी ते पोटात गेले तर मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून अजून ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचे खाद्यच चालू आहे. भुकटी खाद्य दमट हवेत टाकीत अडकून राहते असे दिसल्यावर एका वेळी दोन-तीन दिवस पुरेल इतकेच भरतो आणि बाजूला एक थाप मारतो.

आता उबवणी केंद्रातून नवीन पिल्ले आणण्याचा विचार आहे. ती पट्टीच्या वजनाला येईपर्यंत त्यांना मोठ्या कोंबड्यांपासून जाळीने वेगळे ठेवायचे, की फीडर दिसेल अशा जागी ठेवायचे, यावर आपले मत हवे आहे. सवड काढून एकदा यावे. घरचे सर्वजण आपली वाट पाहत आहेत.

आपला नम्र,
वरच्या वाडीतील एक कोंबडीपालक