स्टेंटनंतरची गोळी परस्पर बंद करू नका

मा. संपादक,

अँजिओप्लास्टी झाली, छातीतलं दुखणं थांबलं, की रुग्णाला वाटतं आता सुटलो. पण हृदयाची धमनी उघडी राहावी म्हणून त्या वेळी आत घातलेला स्टेंट ही धातूची जाळी. सुरुवातीला तिच्या तारा वाहत्या रक्तात उघड्याच असतात आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, त्यांना चिकटून गुठळी धरू शकतात. धमनीचं अस्तर तारांवर हळूहळू चढतं. औषधी स्टेंटमध्ये तर धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून लावलेलं औषधच ही वाढ लांबवतं. तोवर राखण गोळ्यांची. धोका सगळ्यात जास्त पहिल्या ३० दिवसांत.

गोळ्या दोन प्रकारच्या: अ‍ॅस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम रोज, आणि जोडीला क्लोपिडोग्रेल ७५ एकदा, टिकाग्रेलोर ९० दोनदा किंवा प्रासुग्रेल १० एकदा, यांपैकी एक. हार्ट अटॅकनंतर ही जोडी साधारण १२ महिने, अटॅक नसताना स्टेंट घातला असेल तर ६. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. पुढे बहुधा एक गोळी कायम राहते.

गोळी सुटते ती क्षुल्लक कारणांनी. दाढ काढायची म्हणून ‘चार दिवस बंद ठेवा’ असं सहज सांगितलं जातं. एखादी दाढ काढताना त्याची सहसा गरज नसते. खड्ड्यावर गॉजची घडी अर्धा तास घट्ट चावून धरली की रक्त बहुधा थांबतं. टिकाग्रेलोरने काहींना दम लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवून गोळी बदलून घ्यावी, सोडू नये. तिचा संध्याकाळचा डोसही हमखास विसरतो. पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, नेहमीचीच घ्यावी. एका फसगतीकडे तर कुणाचं लक्षच जात नाही: काही कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलचं औषध, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असतात. कोलेस्टेरॉलच्या औषधाने स्नायू दुखतात म्हणून ती कॅप्सूल थांबवली, की तिन्ही औषधं एका झटक्यात बंद!

आम्लपित्तासाठी मनाने ओमेप्राझोल घेऊ नये. क्लोपिडोग्रेल यकृतात ज्या एन्झाइममुळे कामाचं बनतं, त्यालाच ते अडवतं. पँटोप्राझोल त्यापेक्षा बरं. आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आड येतं, शिवाय पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतं. ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त आलं, अंगावर निळे डाग पडले, तर घाबरून गोळी थांबवू नये. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावं. छातीत दाब आणि घाम आला तर रुग्णवाहिका बोलवावी, वाट पाहू नये.

रुग्णालयांना एकच विनंती. डिस्चार्ज कार्डावर ‘औषधे चालू ठेवा’ एवढंच मोघम लिहू नये. स्टेंट कोणत्या तारखेला, कोणत्या धमनीत घातला, कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत थांबवायची नाही आणि कुणी थांबवायला सांगितलं तर आधी कोणत्या नंबरवर विचारायचं, हे ठळक अक्षरांत रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावं.

आपला,
एक वाचक