दादाच्या डॉक्टरीणबाई

नागपूर,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा फोन आला तेव्हा बँकेत काउंटरवर गर्दी होती, धड बोलता आलं नाही. फेसबुकवरच्या त्या "डॉक्टरीणबाईं"च्या नादानं दादानं पैसे भरले हे कळताच तू लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केलीस हे फार बरं केलंस. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतात. ठगांनी ते काढून घेण्याआधी बँकांना निरोप पोचला तर मधल्या खात्यात रोखता येतात.

दादाला मात्र वेड्यात काढू नकोस. "या वयात शोभतं का" असं एकदा म्हणालास, की तो तुझ्यापासून लपवेल आणि तिला सांगेल. तिला तेच हवंय. वहिनी गेल्यापासून मनीषनगरच्या त्या फ्लॅटात "जेवलास का" म्हणून रोज विचारणारं कोण आहे? तू पुण्यात. मी जातो, पण सणासुदीला. ती रोज विचारते.

आता ती म्हणजे कोण? बहुतेक वेळा बाईच नसते. एकाच नावानं पाळीपाळीनं तीन-चार जण लिहितात, मजकूर तयार असतो, फोटो कुणाचे तरी उचललेले. म्यानमारमध्ये म्यावाडीकडे अशा कामाचे कुंपणबंद अड्डेच आहेत. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेलेली आपली पोरं तिथं डांबून राबवतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून जास्त भारतीय परत आणले. म्हणजे दादाला "गुड मॉर्निंग" लिहिणारा स्वतःच मार खाऊन लिहीत असेल. कोणावर चिडावं सांग बाप्पा.

दादाला फसवलं तो प्रकार जुनाच. फेसबुकवर ओळख, लगेच व्हॉट्सअॅप, कित्येक आठवडे पैशाचं नावही नाही. मग भेटवस्तूंचं पार्सल, ते दिल्ली विमानतळावर अडकलं, आणि "कस्टम अधिकाऱ्या"चा फोन. कस्टम खात्याच्या पत्रावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. आणि कस्टम ड्युटी कधी कुणाच्या खाजगी बचत खात्यात भरतात का? दादानं आयुष्यभर सरकारी नोकरी केली, शांत बसून विचार केला असता तर त्याला हे एकट्यालाच कळलं असतं. पण "आजच भरा, नाहीतर केस होईल" म्हटलं की माणूस बसत नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट. प्रेयसी ट्रेडिंगचं अॅप देते, पहिल्यांदा थोडा नफा खरोखर खात्यात येतो, मग माणूस एफडी मोडतो. स्क्रीनवर लाखांचे आकडे वाढत जातात. काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा".

मागे आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका एफडी मोडायला आल्या. कशासाठी, तर भाचीचं लग्न. लग्न कधी विचारलं तर तारीख सांगता येईना. बँकेत काय सांगायचं हेही तिकडून पढवलेलं असतं. मी चहा पाजला, समजावलं, त्या रागावून गेल्या. दुसऱ्या दिवशी घरूनच मोबाइलनं पैसे पाठवले.

म्हणून दादाशी वाद घालण्यापेक्षा आधी त्याच्या राजीखुशीनं नेटबँकिंग अन् यूपीआयची मर्यादा कमी करू. मोठी एफडी दोघांच्या सहीनं चालेल अशी करता येते. तिचा फोटो त्याच्याचकडून गूगल लेन्सवर टाकून घे, तोच फोटो आणखी कुठे आहे ते तिथं दिसतं; आपण सांगण्यापेक्षा त्याला दिसू दे. व्हिडिओ कॉलवर भिस्त ठेवू नकोस, आता चेहराही खोटा लावतात. चॅट पुसू देऊ नकोस, पोलिसांना लागेल. आणि "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा फोन आता येईलच. तीही त्याच टोळीची किंवा तिच्या भाऊबंदांची माणसं.

शनिवारी ये. अजनीलाच उतर, मी घ्यायला येतो, तिथून सरळ दादाकडे. पासबुकाचा विषय तू काढू नकोस, मी काढतो. माझ्यावर चिडला तर चिडू दे.

तुझा,
वसंता