फळीखालचा पेट्रोलचा वास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जूनला मासेमारीबंदी लागली की मालवणात बोटी वर ओढल्या जातात. किल्ल्याची प्रवासी वाहतूकही पावसात बंदच असते. हे दोन महिने डागडुजीचे. रंग, फायबरचे पॅच, इंजिनची सर्व्हिसिंग यांवर पैसे घालताना आम्ही बोटवाले मागेपुढे पाहत नाही. इंधनाच्या टाकीचे निपल (टाकीला नळी जोडायचे आटेदार तुकडे), इंधन बंद-चालू करायच्या चाव्या, नळ्या आणि क्लिपा मात्र जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून, पाण्याच्या नळाच्या सामानातून उचलून आणतो. हे पत्र त्याबद्दल आहे. छापणार असाल तर नारळी पौर्णिमेच्या आत छापा, एकदा बोटी पाण्यात गेल्या की वाचायला कोणी जागेवर नसतो.

माझी आउटबोर्डवर, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून लावलेल्या पेट्रोल इंजिनवर चालणारी प्रवासी बोट आहे. दोन वर्षांपूर्वी तिची टाकी बदलली. नवी टाकी परदेशी बनावटीची. तिला अर्ध्या इंचाचे आटे होते, म्हणून दुकानदाराने अर्ध्या इंचाचा पितळी निपल काढून दिला. "ह्योच बसतलो, काय होवचा नाय." बसलाही. जरा लवकर घट्ट झाला, म्हणून टेफ्लॉन टेपचे आणखी चार वेढे मारले आणि विषय संपवला. हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी बोटीत पाय ठेवला तर पेट्रोलचा वास. नशीब की बॅटरीचा स्विच टाकण्याआधी आला. तळाच्या फळ्या उचलल्या. निपलाच्या गळ्याशी ओल होती, आणि फिल्टरच्या वाटीत टेपचे पांढरे धागे तरंगत होते.

कारण नंतर कळले. आपल्याकडच्या पाइपांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, ५५ अंशांचे. त्या टाकीचे अमेरिकन पद्धतीचे, ६० अंशांचे. अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हींत एका इंचात १४ च आटे पडतात, त्यामुळे एक दुसऱ्यात मुकाट्याने शिरतो आणि आवळतोही. फक्त आट्यांच्या खाचांमधून बारीक वाट राहते. पाणी असते तर थेंब गळाला असता, दिसला असता. पेट्रोल उडून जाते आणि त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून ती वर न जाता बोटीच्या पोटात साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की पाणी उपसण्याच्या पंपाची एक ठिणगीसुद्धा पुरते. घरातल्या नळाचा आणि टाकीचा निपल एकच समजणे मला त्या सकाळपासून जमत नाही.

आता डिझेलवाले हसतील. त्यांच्याकडे भडका इतक्या सहज उडत नाही हे खरे. पण लोखंडी जस्ती फिटिंग टाकीला लावले की जस्त डिझेलमध्ये उतरते, साबणासारखा चिकटा तयार होतो आणि तो इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर जाऊन बसतो. भर समुद्रात इंजिन बंद पडणे हाही जिवाशीच खेळ. ॲल्युमिनियमच्या टाकीत थेट पितळ बसवले तर खारी हवा दोन धातूंत भांडण लावते. निपलाभोवती पांढरी भुकटी दिसली की समजावे, टाकी खायला सुरुवात झाली. मध्ये स्टेनलेसचा तुकडा घालावा. स्टेनलेसही ३१६ प्रतीचे मागावे, ३०४ प्रतीला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात.

नळीचे तर विचारूच नका. पारदर्शक प्लास्टिकची नळी सगळ्यांना आवडते, कारण तेल दिसते. वर्षभरात ती कडक होऊन क्लिपेशी तडकते. त्यात आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुने रबर त्यात फुगते, मऊ पडते. नळीवर आयएसओ ७८४० (बोटीच्या इंधननळीचे मानक) आणि ए१ असे छापलेले पाहून घ्यावे. अशी नळी आगीत अडीच मिनिटे तग धरते. अडीच मिनिटे म्हणजे काय, हे प्रवाशांना लाइफ जॅकेट चढवून बघितलेल्याला सांगावे लागत नाही. तेल भरण्याच्या जाड नळीला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा हव्यात. मी दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवतो: पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, हा प्रकार फार चालतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

टाकीच्या बुडाला तोटी किंवा बाजूला लेव्हलची नळी नको. ती तुटली की सगळी टाकी बोटीत रिकामी. तेल वरूनच, आत सोडलेल्या नळीने घ्यावे, आणि तरीही ते आपोआप ओढले जाऊ नये म्हणून तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह लावावा. टाकीची हवा बोटीबाहेर, उंचावर सोडावी, तोंडाला जाळी. हातात उचलायची टाकी असेल तर ती किनाऱ्यावर उतरवूनच भरावी.

माझी तक्रार अशी, की आमच्या बोटीच्या वार्षिक तपासणीत लाइफ जॅकेट मोजली जातात, आग विझवण्याच्या नळकांड्याची तारीख पाहिली जाते, ते योग्यच आहे. पण इतक्या वर्षांत कोणी एकदाही मला "फळी उचला" म्हटलेले नाही. एक फळी उचलून नळीवरचे छापील आकडे वाचायला आणि नाक खाली नेऊन वास घ्यायला पाच मिनिटे लागतात. तपासणीच्या कागदावर त्यासाठी एक ओळ वाढवावी. आणि बंदरातल्या दुकानदारांनी बोटीचे फिटिंग निदान वेगळ्या खोक्यात ठेवावे, नळाच्या सामानात मिसळू नये. ते महाग पडते हे मान्य, मलाही पडले.

तो जुना निपल मी टाकून दिलेला नाही. या वर्षी तपासणीला जो कोणी येईल त्याच्या हातावर ठेवणार आहे.

आपला,
एक प्रवासी बोटमालक, मालवण