वादविवादात हातात कागद असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादविवाद स्पर्धेत मुलं हातात कागद धरून बोलतात, पाठांतर कुणी करतच नाही, अशी तक्रार करणारं एका पालकांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. ‘कागद दिसला की गुण कापा’ हा त्यांनी सुचवलेला उपाय काही स्पर्धांच्या नियमपत्रकात आधीपासूनच आहे. मी शाळेत भाषा शिकवली, स्पर्धांसाठी मुलं तयार केली आणि निवृत्तीनंतर परीक्षक म्हणून बोलावतात तिथे जाते. या नियमाने वादविवाद सुधारत नाही. त्याचं वक्तृत्व होतं, एवढंच.

दोन्ही स्पर्धा एकाच व्यासपीठावर होतात, म्हणून त्या सारख्या वाटतात. वक्तृत्वाचं भाषण घरून निघतानाच पूर्ण असतं. वादविवादातलं निम्मं भाषण समोरचा बोलल्याशिवाय जन्मालाच येत नाही, मग ते पाठ करणार कसं? पाठ करून आलेलं मूल उठतं, प्रतिपक्षाने काय मांडलं याच्याशी काडीचा संबंध नसलेलं भाषण खणखणीत आवाजात म्हणतं, टाळ्या घेतं आणि बसतं. (ते बहुधा सरांनी नाहीतर आईने लिहिलेलं असतं, हे दुसऱ्या वाक्यालाच कळतं. नववीतलं मूल आपणहून ‘तद्वतच’ म्हणत नाही.)

जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेतली ब्रिटिश संसदीय पद्धत पाहा. दोन-दोन जणांचे चार संघ, विषय जाहीर झाल्यावर तयारीला १५ मिनिटं, बोलायला प्रत्येकी ७ मिनिटं. शेवटचा वक्ता उभा राहतो तेव्हा त्याने सात भाषणं, म्हणजे ४९ मिनिटांचा वाद ऐकलेला असतो. त्याला नवा मुद्दा मांडायची मुभा नसते. झालेला वाद आपल्याच बाजूने कसा झुकतो, हे त्याने दाखवायचं असतं. कोण काय म्हणालं, कशाला उत्तर मिळालं, कशाला मिळालं नाही, हे सगळं त्याने कागदाशिवाय लक्षात ठेवावं अशी अपेक्षा असेल, तर ती स्मरणशक्तीची स्पर्धा झाली.

थोरांचे दाखले हवे असतील तर तेही आहेत. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन हातात धरता येतील आणि अधूनमधून नजर टाकता येईल अशा छोट्या टिपणांना मान्यता देतो. प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याची अशी टिपणं त्याच्या तिरो या लेखनिकाने जपली होती, असंही तो सांगतो. चर्चिल तरुणपणी भाषणं पाठ करून जात. १९०४ साली ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्यांचा धागा असा तुटला की पुढचं वाक्य काही केल्या आठवेना, आणि त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर ते टिपणांशिवाय उभे राहत नसत. त्यांच्या कागदावरच्या ओळी कवितेसारख्या तुटक, आखूड असत, म्हणजे एका नजरेत एक वाक्प्रचार उचलता येई.

पत्रलेखक पालकांची अर्धी तक्रार मला मान्य आहे. कागदात डोकं घालून वाचणाऱ्या मुलाचे गुण जरूर कापा. पण दोष कागदाचा नाही, कागदावर काय लिहिलंय त्याचा आहे. सगळी वाक्यं लिहिलेली असली की डोळा ती वाचणारच, त्याला पर्याय नसतो. मी मुलांना चारच गोष्टी शब्दशः लिहू देत असे: पहिलं वाक्य, विषयातल्या मुख्य संज्ञेची व्याख्या, आकडे किंवा अवतरणं (कुणाचं, कोणत्या वर्षीचं यासकट) आणि शेवटचं वाक्य. बाकी प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन शब्द. ‘पाळत → भीती → गप्प’ एवढ्यावर मुलीने दीड मिनिट बोललं पाहिजे. येत नसेल तर तिला तो मुद्दा अजून समजलेला नाही, आणि हे घरीच कळलेलं बरं.

दुसरा कागद ऐकताना भरायचा, आणि खरी कसोटी तोच आहे. तो आडवा धरायचा, प्रत्येक वक्त्याला एक उभा रकाना, आपली बाजू निळ्या शाईत, प्रतिपक्ष लाल. समोरच्याचा मुद्दा जिथे लिहिला त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात आपलं उत्तर. अमेरिकेत याला ‘फ्लो’ म्हणतात. या मांडणीचा फायदा असा की ज्या मुद्द्याला कुणीच उत्तर दिलेलं नाही त्याच्यासमोर जागा कोरी राहते आणि ती डोळ्यांत भरते. मग उठून म्हणता येतं, ‘आमच्या दुसऱ्या मुद्द्याला प्रतिपक्षाने हातही लावलेला नाही.’ पाठांतरवाल्याला हे वाक्य कधी सापडणार? कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, कारण भाषणाच्या मध्यावर उलटापालट सुरू झाली की मुलगा मुद्दा शोधतोय हे शेवटच्या रांगेलाही दिसतं.

वेगासाठी शिरोरेघ सोडा, काना-मात्रा पुरते. ‘सरकार’ला स, ‘म्हणून’ला बाण, ‘वाढ’ला वरचा बाण, ‘उदाहरण’ला उदा. खुणा ज्याच्या त्याने ठरवाव्यात, फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्या शोधू नयेत. प्रतिपक्षाचं प्रत्येक वाक्य टिपून घेणारं मूलही मला नको असतं. ते लिहिण्यात इतकं गुंतलेलं असतं की त्याने ऐकलेलंच नसतं. दावा काय, त्याचं कारण काय, पुरावा काय, एवढं टिपलं की पुरे.

तयारीच्या १५ मिनिटांबद्दल माझं ठाम मत आहे. पहिली दोन-तीन मिनिटं जोडीदारांनी एकमेकांशी बोलायचंच नाही, आपापल्या कागदावर सुचेल ते लिहायचं. लगेच बोलायला लागलं की ज्याचा आवाज मोठा त्याचेच मुद्दे उरतात. दुसऱ्या वक्त्याने तर भाषण पूर्ण करायच्या फंदात पडू नये, अर्धा कागद खंडनासाठी मोकळा ठेवावा. या संसदीय पद्धतीत भाषणाचं पहिलं मिनिट संपल्यापासून शेवटचं मिनिट सुरू होईपर्यंत प्रतिपक्ष मध्येच उठून प्रश्न विचारू शकतो, त्याच्यासाठीही समासात जागा हवी.

घरून करून आणलेल्या खंडनाचाही एक तोटा असतो. समोरून काय येईल याचा अंदाज बांधून उत्तरं लिहून आणणं चांगलंच. पण समोरच्याने तो मुद्दा मांडलाच नाही, तरी ‘माझे मित्र म्हणतात की...’ करून ते उत्तर द्यायचंच, हा प्रकार मी नेहमी पाहते. मित्र बिचारे तसं काही म्हणालेलेच नसतात. अशी उत्तरं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर असावीत, मुख्य टिपणात नकोत. गरज पडली तर काढायची, नाही पडली तर खिशात राहू द्यायची.

कागदाच्या आकाराचं थोडक्यात: मोठा पातळ कागद थरथरतो आणि ध्वनिक्षेपकात खडखडतो. पोस्टकार्डाएवढे जाड तुकडे, कोपऱ्यात क्रमांक, बस्स. मोबाइल नको. ऐन वेळी पडदा काळा होतो.

आयोजकांना विनंती अशी की ‘कागद वापरल्यास गुण वजा’ ही ओळ काढून टाकावी आणि गुणपत्रिकेत ‘खंडन’ हा स्वतंत्र रकाना ठेवावा, तोही आवाज-हावभावांपेक्षा जास्त गुणांचा. दोन्ही बाजूंच्या टेबलांवर कोरे कागद आणि पेनं ठेवावीत. परीक्षकांच्या टेबलावरही ठेवावीत. मी अशा परीक्षकांशेजारी बसले आहे, ज्यांनी पूर्ण स्पर्धेत फक्त गुण लिहिले, एक मुद्दा टिपला नाही. निकालानंतर एखाद्या मुलीने ‘माझ्या तिसऱ्या मुद्द्याचं काय झालं?’ असं विचारलं, तर तिला दाखवायला आमच्याकडे काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका