निवेदनाखाली सही कोणाची?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तंबाखूवरचा एखादा नियम कडक होणार अशी नुसती कुणकुण लागली, की निपाणी-चिकोडी भागात निवेदने निघायला लागतात. तहसीलदार कचेरीवर मोर्चा, पुढच्या रांगेत बिडी वळणाऱ्या बायका, मागे काही शेतकरी, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मजकूर ठरलेला असतो: लाखो कुटुंबे उघड्यावर पडतील, चोरटा माल वाढेल, सरकारचा महसूल बुडेल आणि हे सगळे परदेशी संस्थांच्या सांगण्यावरून चालले आहे. तंबाखूचे कायदे जिथे जिथे आले तिथे हीच कलमे थोड्याफार फरकाने पुढे आली. ऑस्ट्रेलियात २०१० साली साध्या पाकिटाचा, म्हणजे कंपनीचे रंग आणि चिन्ह नसलेल्या पाकिटाचा, विषय निघाला तेव्हा बिडी कामगारांच्या जागी किरकोळ दुकानदार होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटनेला पैसा सिगारेट कंपन्यांनी पुरवला होता, हे पुढे उघड झाले.

निवेदन खोटेच असते असे आमचे म्हणणे नाही. जिला दर हजार बिड्यांवर मजुरी मिळते आणि 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे जिच्या मजुरीतून कापले जातात, त्या बाईची काळजी खरीच आहे. पण मसुदा कोणी केला, छापला कोणी, गाड्या कोणी केल्या, हे बातमीत कधी येत नाही. ते शोधून काढता येते. सीमाभागातल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि आपले वार्ताहर यांनी ते करावे, म्हणून हे पत्र.

निपाणी त्यासाठी फार मोक्याची जागा आहे. इथे शेतकरी, व्यापारी आणि कामगार एका बाजूला कधीच नव्हते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला तो भावासाठी, व्यापाऱ्यांच्या मनमानीविरुद्ध. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. वखारीतल्या बायका त्याच सुमारास वखारमालकांविरुद्ध संघटित होत होत्या. भावाच्या आणि मजुरीच्या वेळी समोरासमोर ठाकलेली मंडळी आरोग्याचा नियम आला की एकाच मंडपात कशी बसतात, हा संशोधनाचा पहिला प्रश्न.

याचे जागतिक उदाहरण कागदोपत्री उपलब्ध आहे. तंबाखू उत्पादकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९८४ साली स्थापन झाली. नाव शेतकऱ्यांचे. पण तिचा खर्च कोण उचलतो, विकसनशील देशांच्या सरकारांकडे तिने काय मांडायचे, यात कंपन्यांचा हात होता, हे कंपन्यांच्याच पत्रव्यवहारातून बाहेर आले. कंपन्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कामात कसे अडथळे आणले, यावर त्या संघटनेच्याच तज्ज्ञ समितीने २००० साली अहवाल दिला, त्यातही उत्पादकांच्या या संघटनेचा उल्लेख आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात ग्रेटर नोएडाला तंबाखू नियंत्रण कराराची सातवी परिषद भरली, तेव्हाही बाहेर निदर्शने झाली ती शेतकऱ्यांच्या नावाने.

हे अंतर्गत कागद लोकांना मिळाले ते खटल्यांमुळे. १९९४ मध्ये एका अमेरिकन कंपनीची कागदपत्रे फुटली. १९९८ मध्ये मिनेसोटा राज्याचा खटला आणि त्यानंतर ४६ राज्यांशी झालेली तडजोड, यांमुळे कंपन्यांना आपली दप्तरे खुली करावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती इंटरनेटवर ठेवली आहेत. आज तिथे १ कोटी ४० लाखांहून अधिक दस्तऐवज आहेत आणि कोणीही फुकट पाहू शकतो. निपाणीतल्या सायबर कॅफेतूनही.

नवखा माणूस तिथे 'इंडिया' असा शब्द टाकतो, हजारो कागद समोर येतात आणि तो दमून उठतो. आधी साल ठरवावे. समजा भारतातल्या १९९० नंतरच्या पाकिटांवरच्या इशाऱ्यांचा विषय आहे. मग तेवढीच वर्षे आणि पत्र, टिपण, अहवाल एवढेच प्रकार निवडावेत. शब्द अनेक स्पेलिंगने टाकावा लागतो, कारण बिडीचेच इंग्रजीत तीन-चार प्रकार आहेत आणि जुन्या टंकलेखी कागदांवरून संगणकाने वाचलेली अक्षरे बरेचदा चुकलेली असतात. एक कामाचा कागद सापडला की त्यावरचा बेट्स क्रमांक टिपून घ्यावा. खटल्यात प्रत्येक पानावर मारलेला हा अनुक्रमांक आहे. त्याच्या मागचे-पुढचे क्रमांक उघडले की बहुधा त्याच फाइलमधली शेजारची पाने मिळतात, आणि खरा माल तिथेच असतो: पत्राचे उत्तर, खर्चाचा तक्ता, बैठकीला कोण हजर होते त्याची यादी. त्या यादीतली नावे पुन्हा शोधायची. नवीन काही हाती लागेनासे झाले की थांबायचे.

चुका इथेच होतात. सनसनाटी वाक्य मिळाले की लोक ते उचलतात. तो नुसता कच्चा मसुदा होता की मंजूर झालेली योजना, हे पाहत नाहीत. एकच टिपण चार कंपन्यांच्या दप्तरांत चार वेळा येते आणि चार पुरावे म्हणून मोजले जाते. वकिलांशी झालेला बराचसा पत्रव्यवहार रोखून ठेवलेला आहे, त्यामुळे कागद नाही म्हणजे घडले नाही असेही म्हणता येत नाही. योजना कागदावर दिसली तर त्या महिन्यातली वर्तमानपत्रे, संसदेतले प्रश्न, राजपत्र यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय लिहू नये.

मोठी अडचण पुढेच आहे. हे भांडार सिगारेटवाल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचे आहे. बिडी, जर्दा, गुटखा यांचा असा दस्तऐवज कुठेच नाही, कारण त्यांच्यावर तसा खटलाच झाला नाही. आणि भारतात २०१६-१७ च्या पाहणीनुसार प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू खातात, ७.७ टक्के बिडी ओढतात, सिगारेट ४ टक्के. म्हणजे जगभरचे संशोधन ज्या मालाच्या कागदांवर उभे आहे तो इथला मुख्य माल नव्हेच. बिडीच्या तंबाखूचे देशातले दोन मोठे पट्टे म्हणजे गुजरातचा चरोतर आणि आपला निपाणी. इथले दप्तर कोणी जमवले नाही तर ही बाजू अंधारातच राहील.

ते कसे जमवायचे? सगळ्यात भरीव साठा न्यायालयात आहे. पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेवर चित्रमय इशारा छापण्याचा नियम १५ ऑक्टोबर २०१४ ला निघाला. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या एका समितीने तो लांबणीवर टाका म्हटले. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार होते, सदस्यांत अलाहाबादचे एक बिडी कारखानदार खासदार. तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही, असे अध्यक्षांनी तेव्हा सांगितले. वास्तविक महाराष्ट्रातल्याच १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी करून केलेला अभ्यास १९७२ सालीच प्रसिद्ध झाला होता. नियम अखेर १ एप्रिल २०१६ ला लागू झाला, त्या दिवशी मोठ्या सिगारेट कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले आणि रोजचे ३५० कोटींचे नुकसान होईल असा आकडा दिला. देशभरच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक उच्च न्यायालयाकडे पाठवल्या. १५ डिसेंबर २०१७ ला तिथे नियम रद्द झाला, ८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

तेव्हा या लढ्याचे मुख्य दप्तर आपल्याच राज्यात आहे. निकाल आणि आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधता येतात. पण संशोधकाला हवी असतात ती प्रतिज्ञापत्रे आणि जोडपत्रे, ती तिथे नसतात. त्यांच्या प्रमाणित प्रतीसाठी वकिलामार्फत अर्ज करावा लागतो आणि आपण पक्षकार नसल्यामुळे कारण द्यावे लागते. हे काम आठवड्यात होत नाही, प्रबंधाच्या वेळापत्रकात त्याला जागा ठेवावी.

खटला हरला तरी वेळ मिळतो, हे या उद्योगाचे गणित देशोदेशी दिसते. एका तंबाखू कंपनीने २०१० मध्ये उरुग्वेवर, ८० टक्के इशाऱ्याच्या नियमावरून, गुंतवणूक कराराखाली दावा लावला. जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला, कंपनीला ७० लाख डॉलर खर्चापोटी द्यावे लागले; पण सहा वर्षे गेली. ऑस्ट्रेलियावरचा तसाच दावा डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळला गेला, कारण कायदा येणार हे कळल्यावर कंपनीने हाँगकाँगमार्गे मालकी फिरवून घेतली होती. दरम्यान न्यूझीलंडने आपला साध्या पाकिटाचा कायदा ऑस्ट्रेलियाचा निकाल लागेपर्यंत थांबवून धरला आणि तो २०१८ मध्ये लागू झाला. म्हणून निकाल कोणाच्या बाजूने लागला याबरोबर अंमलबजावणी किती महिने लांबली, हा रकाना तक्त्यात असलाच पाहिजे.

उरुग्वेच्या वकिलांचा खर्च भागवायला अमेरिकन उद्योगपती ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने मदत केली होती. 'परदेशी पैसा' हा आरोप अशा गोष्टींवरून होतो. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. अभ्यासकाने आपला पैसा कुठून येतो ते पहिल्या पानावर लिहावे, म्हणजे समोरच्यालाही तोच प्रश्न विचारायला तोंड राहते.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. शुल्क १० रुपये. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये करावा लागतो. मराठीतला अर्ज परत आला तर त्यात महिना जातो, तेव्हा सीमाप्रश्नाचा राग या कामापुरता बाजूला ठेवलेला बरा. 'अमुक निर्णय का घेतला' असे विचारू नये, उत्तर मिळत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तंबाखू नियमांबाबत आलेल्या निवेदनांच्या प्रती, आवक नोंदवहीची ती पाने आणि उद्योगाच्या प्रतिनिधींशी झालेल्या बैठकांची टिपणे मागावीत. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. बैठकांची टिपणे मागण्याला आधार आहे: भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या त्याच तंबाखू नियंत्रण कराराचे कलम ५.३ (सरकारी धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवा असे सांगणारे) आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२० ची आचारसंहिता. २०१० मध्ये बंगळुरात तंबाखू उद्योगाचा जागतिक मेळावा व्हायचा होता, त्यातून केंद्र सरकारच्या टोबॅको बोर्डाला अंग काढून घ्यावे लागले ते याच कलमावरून उच्च न्यायालयात याचिका गेल्यावर.

निवेदने हाती आली की ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. कन्नड निवेदनातला चुकलेला आकडा मराठी निवेदनातही तसाच असेल, दोन तालुक्यांच्या दोन संघटनांचा तिसरा परिच्छेद शब्दशः एक असेल, तर मसुदा एका टेबलावर झाला हे समजायला फार अक्कल लागत नाही. खालचा छापखाना, लेटरहेडवरचा पत्ता, फोन नंबर पाहावेत. कामगारांच्या संख्येची फोड करावी: बिडी वळणारे, तेंदूची पाने गोळा करणारे, शेतमजूर, टपरीवाले आणि या सगळ्यांची कुटुंबे एकत्र मिळवली की आकडा कोटीत जातो. वर्षातले दोन महिने पाने तोडणारा आणि वर्षभर बिडी वळणारी यांना एकच मोजू नये.

मालक कोण हे शोधताना कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावर वेळ घालवून फारसे हाती लागत नाही. १०० रुपयांत एका कंपनीचे कागद दिसतात खरे, पण बिडीचे बरेचसे धंदे भागीदारीत किंवा एकत्र कुटुंबाच्या नावावर आहेत. त्यासाठी भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे जावे लागते. निवडणूक लढवलेल्यांची शपथपत्रे त्याहून सोयीची. त्यांत उत्पन्नाचे साधन आणि भागीदारी लिहावीच लागते.

करांचा इतिहासही याच नजरेने वाचता येतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीला २८ टक्के दर लागला, पण सिगारेटसारखा उपकर लागला नाही. त्याच वेळी बिडी कामगारांच्या दवाखान्यांना आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांना पैसा पुरवणारा १९७६ चा कल्याण उपकर रद्द झाला. त्या वर्षीची निवेदने काढून मोजावे: दर कमी करा म्हणणारी किती आणि कल्याण उपकर परत आणा म्हणणारी किती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीचा दर १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. आता हजारी मजुरीत किती फरक पडतो, हे त्याच घरांत विचारून लिहून ठेवायला हवे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. तंबाखूच्या जाहिरातींवर १ मे २००४ पासून बंदी आली. त्याआधीच्या आपल्या अंकांत, दिवाळी आणि यात्रा विशेषांकांत बिडी-जर्द्याच्या जाहिराती, व्यापारी मंडळांची पत्रके, १९८१ च्या आंदोलनाच्या बातम्या असतील. निदान १९७५ ते २००४ चे अंक स्कॅन करून संशोधकांना पाहायला द्यावेत. स्कॅन करताना कात्रणे काढू नयेत, पूर्ण पान तारखेसह घ्यावे. जाहिरातीशेजारी कोणती बातमी होती हेही लागते. आणि यापुढे निवेदनाची बातमी देताना वार्ताहराने मसुदा कोणी दिला आणि वाहनखर्च कोणी केला हे विचारून, मिळेल ते उत्तर छापावे. उत्तर दिले नाही, तर तेही छापावे.

आपले,
सार्वजनिक आरोग्य व कामगार कायद्याचे काही अभ्यासक,
निपाणी