उभ्या गाडीतील डॅशकॅमला वीज कोठून मिळते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाडी उभी असताना कोणी तिला ठोकर देऊन निघून गेले, तर निदान पुरावा हाती असावा म्हणून अनेक जण डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेमागे बसवायचा चित्रण करणारा कॅमेरा, बसवून घेतात आणि ती इच्छा रास्तच आहे. मात्र हा कॅमेरा विकताना व बसवताना चित्रण किती स्पष्ट दिसते, यावर जेवढे बोलले जाते त्याच्या एक दशांशही तो रात्रभर कोणाच्या विजेवर चालणार आहे, यावर बोलले जात नाही. गाडी चालू असताना ही वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र, पुरवतो. गाडी बंद केली की तीच वीज बॅटरीतून जाऊ लागते, आणि या बॅटरीचे पहिले काम कॅमेरा चालवणे नसून इंजिन सुरू करणे हे आहे.

हे मला उशिरा कळले. तीन दिवस गाडी जागची हलली नव्हती. चौथ्या दिवशी पहाटे सेल्फ मारला, तर बॉनेटखालून नुसता कट्-कट् आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत विझले. मल्टीमीटर लावून पाहिला तेव्हा बॅटरीवर ११.५ व्होल्ट होते. फ्यूज बॉक्सचे झाकण काढल्यावर कारण उघड झाले. कॅमेरा फ्यूज बॉक्सला जोडणाऱ्या हार्डवायर किटला सर्वसाधारणपणे तीन वायर असतात: पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला, लाल किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला आणि काळी गाडीच्या बॉडीला अर्थ म्हणून. बसवून देणाऱ्याने पिवळी व लाल या दोन्ही वायर एकाच कायम फ्यूजला जोडल्या होत्या. त्यामुळे गाडी बंद झाल्याचे कॅमेऱ्याला कधी समजलेच नाही आणि गाडी धावत असल्यासारखे तो अखंड चित्रण करत राहिला. गाडी बंद केल्यावरही त्याच्यावरच्या दिव्याचा रंग बदलत नाही, हे मी अनेकदा पाहिले होते. त्याच वेळी विचारायला हवे होते.

किटमध्ये कट-ऑफची, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टपर्यंत उतरली की कॅमेऱ्याची वीज तोडण्याची, सोय होती, पण ती ११.६ व्होल्टवर ठेवलेली होती. येथेच बहुतेकांची गफलत होते. बारा व्होल्टची म्हटली जाणारी शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली व विसावलेली असताना सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्टला ती अर्धी रिकामी झालेली असते, १२ व्होल्टला साधारण पावच उरते आणि ११.८ च्या खाली तिच्यात घेण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे ११.६ व्होल्टवर वीज तोडणारा कट-ऑफ बॅटरी उतरल्यानंतरच जागा होतो. शिवाय अशी बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि ती पुन्हा पूर्वीइतकी भरत नाही. कट-ऑफ १२.२ व्होल्टच्या आसपास ठेवला, तर चित्रणाचे तास कमी होतात हे खरे, पण सकाळी गाडी सुरू होते.

हिशेबही अवघड नाही. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आणि कॅमेऱ्याची ओढ ०.३५ अँपिअर धरली, तर अर्धी बॅटरी संपायला सुमारे ५० तास लागतात. गाडीचे लॉक, अलार्म, घड्याळ यांची ओढ आणि बॅटरीचे वय लक्षात घेता हे तास आणखी घटतात. थंडीत तर बॅटरीची क्षमता मुळातच कमी होते. एवढी गेलेली वीज रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत भरून निघत नाही, कारण अशी बॅटरी विशेषतः शेवटचा भाग फार हळू भरून घेते.

पार्किंगमधील चित्रणाच्या पद्धतीवरही खर्च अवलंबून असतो. मोशन डिटेक्शन म्हणजे हालचाल झाली तरच वीज लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती हालचाल ओळखण्यासाठी लेन्समागचा प्रोसेसर सतत जागाच असतो. फक्त धक्का बसल्यावर जागा होणारा कॅमेरा अत्यल्प वीज घेतो, पण तो जागा होईपर्यंत एक-दोन सेकंद जातात आणि धक्क्याच्या आधीचे, म्हणजे नेमके हवे असलेले दृश्य हातचे निसटते. वर्दळीच्या ठिकाणी गाडी लावणाऱ्यांसाठी माझ्या मते टाइम-लॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपणे, हा मधला मार्ग बरा.

कॅमेरा चालवण्यासाठी साधी पॉवर बँक काचेमागच्या उन्हात ठेवणे मला धोक्याचे वाटते. गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल, तर कॅमेऱ्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची स्वतंत्र बॅटरी घ्यावी. ती गाडी चालू असताना भरते आणि मूळ बॅटरीला हात लावत नाही.

वायर ओढण्याचे कामही कोणी किरकोळ समजू नये. समोरच्या काचेलगतच्या खांबात अनेक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली, तर एअरबॅग उघडताना तीच आड येते. एअरबॅगच्या फ्यूजमधून तर कॅमेऱ्यासाठी वीज कधीच घेऊ नये.

माझी मागणी साधी आहे. पार्किंगमधील प्रत्येक पद्धतीत कॅमेरा किती अँपिअर घेतो, हे उत्पादकांनी खोक्यावर ठळक छापावे. आणि बसवून देणाऱ्याने गाडी ताब्यात देण्यापूर्वी किल्ली काढून, कॅमेरा पार्किंगच्या स्थितीत गेल्याचे ग्राहकाला समोर दाखवावे, तसेच कट-ऑफ किती व्होल्टवर ठेवला आहे ते पावतीवर लिहून द्यावे.

आपला नम्र,
एक वाहनधारक वाचक